अनवट धातूंची नाणी: सातवाहनांच्या शिशापासून १९४० च्या चार धातूंच्या रुपयापर्यंत

गोदाकाठ

जुन्या नाण्यांवर गप्पा निघाल्या की एक निकाल ठरलेला असतो. नाणं सोन्याचांदीचं असेल तर राज्य भरभराटीचं, शिशाचं किंवा हिणकस असेल तर राज्य डबघाईला आलेलं. सातवाहनांच्या बाबतीत तर हे हमखास ऐकू येतं. पैठण, तेर, जुन्नर ज्यांच्या काळात नांदली, नाणेघाटातून ज्यांचा व्यापार कोकणात उतरला, नाशिकची लेणी ज्यांच्या दानांवर उभी राहिली, त्यांना 'शिशाची नाणी पाडणारे' म्हणून एका वाक्यात निकालात काढायचं, हे मला पटत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

आधी वस्तुस्थिती. सातवाहनांची रोजच्या व्यवहारातली नाणी मुख्यतः शिशाची, तांब्याची आणि पोटीनची. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचा मिश्रधातू. चांदीची नाणीही त्यांनी पाडली, त्यावर राजाचा मुखवटा असतो, पण ती फार कमी सापडतात. दख्खनच्या काळ्या दगडात चांदीच्या खाणी नाहीत, हे पहिलं कारण. दुसरं कारण राजकीय आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात दारू आहे, पोवळी आहेत, आणि तांबं, कथील, शिसं आहे. सोन्याचांदीची नाणीही येत, आणि ती स्थानिक नाण्यांत बदलून घेताना नफा मिळे. भडोच तेव्हा नहपानाच्या ताब्यात, म्हणजे सातवाहनांचे प्रतिस्पर्धी असलेल्या क्षत्रप राजांपैकी एकाच्या. कल्याण बंदराबद्दल तोच लेखक सांगतो की तिथला व्यापार रोखून धरलाय, चुकून एखादं ग्रीक गलबत तिथे लागलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. म्हणजे समुद्रातून येणारी चांदी कुणाच्या हाती लागत होती ते उघड आहे. क्षत्रपांनी चांदीची नाणी भरभरून पाडली, सातवाहनांनी शिशाची. यात गरिबी-श्रीमंतीपेक्षा बंदर कुणाकडे होतं हा प्रश्न मोठा आहे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला आहे. एकेक नाणं हातात घेऊन बघितलं तर नहपानाच्या नाकाडोळ्यांवरून सातवाहनांचं चैत्याचं चिन्ह गेलेलं दिसतं. चांदी हातात आल्यावर त्याने ती वितळवत बसण्यात वेळ घालवला नाही, लगेच चलनात आणली.

माझं म्हणणं एवढंच: नाण्याचा धातू बघून राज्याची लायकी ठरवू नये. तो धातू का निवडला, कुठून आला आणि लोकांनी तो का स्वीकारला, हे विचारावं. अनवट मिश्रधातूंच्या नाण्यांबद्दल ज्यांना जे ठाऊक आहे ते इथे लिहा.

पंचगंगा

उत्तम धागा. कोल्हापूरकर म्हणून शिशात भर घालतो.

आमच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 'कुर' राजांची शिशाची नाणी मिळाली. विळिवायकुर, शिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर ही त्यावरची नावं. एका बाजूला ओढलेल्या प्रत्यंचेवर चढवलेला बाण, दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर आणि कुंपणातलं झाड. नाणी जाड आणि बरीच वजनदार असतात, तळहातावर घेतल्यावर आकाराच्या मानाने जडपणा लगेच जाणवतो.

शिशाचा एक मोठा फायदा इतिहासाला झाला. शिसं मऊ. त्यामुळे पुढच्या राजाने आधीच्या राजाच्या नाण्यावर ठसा मारला तरी खालचा ठसा पूर्ण पुसला जात नाही. शिवलकुराच्या ठशाखाली पहिल्या विळिवायकुराची अक्षरं दिसतात, आणि गोतमीपुताच्या ठशाखाली या दोघांची. एवढ्यावरून तिघांचा क्रम लावता आला. कुठल्याही शिलालेखात हा क्रम दिलेला नाही.

वऱ्हाडी वाट

गोदाकाठ, पोटीनला तुम्ही एका ओळीत आटोपलंत, म्हणून विदर्भातर्फे लिहितो.

वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. तेव्हा तो भाग अकोला जिल्ह्यात होता. १९३९ साली तिथे सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा साठा मिळाला, दीड हजाराच्या घरातली नाणी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास केला. नाण्यांवर एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह, म्हणजे अधिकच्या चिन्हाच्या चार टोकांना चार गोळे.

साठ्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी अशी नावं बाहेर आली. पुराणांमधल्या राजांच्या याद्यांमध्ये ही नावं नाहीत. सोन्याचांदीची नाणी असती तर कुणीतरी केव्हाच आटवून टाकली असती. पोटीनला मोडीचा भाव नव्हता म्हणून हे राजे आपल्यापर्यंत पोहोचले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

सराफकट्टा

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. आमचं घराणं तीन पिढ्या सराफी करतंय. कस उतरला की विश्वास उतरतो, हे बाजाराने कायम दाखवून दिलंय. पेशवाईत वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालत आणि प्रत्येकावर वेगळा बट्टा कापला जाई. का? कारण प्रत्येकातली चांदी वेगळी.

रोमचं उदाहरण घ्या. कॅराकॅला बादशहाने २१५ साली नवं नाणं काढलं, अँटोनिनियानस. चांदी निम्मी. पन्नासेक वर्षांत ती पाच टक्क्यांच्याही खाली गेली. वरून चांदीसारखं चकचकीत, आत तांबं. महागाई भडकली, लोकांनी जुनी चांगली नाणी पुरून ठेवली. याला डबघाई नाही तर काय म्हणायचं? सातवाहनांचं कारण वेगळं असेल, पण 'हिणकस म्हणजे वाईट' हा अनुभव काही हवेतून आलेला नाही.

गोदाकाठ

सराफकट्टा, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण रोमच्या उदाहरणातच पुढचा भाग आहे. २७४ च्या सुमारास ऑरेलियन बादशहाने चलन सुधारलं तेव्हा नाण्यांवर XXI हा आकडा घातला. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ वीस भाग तांब्याला एक भाग चांदी असा लावतात. म्हणजे धातू हलकाच ठेवला, पण काय आहे ते नाण्यावरच लिहून टाकलं. माझ्या मते फरक इथे आहे. हलका धातू वेगळा आणि लपवलेला हलका धातू वेगळा.

धातुशाळा

मी धातुशास्त्र शिकवते, त्यामुळे दोन गोष्टी विस्ताराने लिहाव्याशा वाटतात.

पहिली, पोटीनबद्दल. तांब्यात कथील घालत गेलं की रंग बदलत जातो. दहा टक्क्यांच्या आसपास सोनेरी-पिवळा कांसा, वीस टक्क्यांच्या पुढे गेलं की पांढुरका, चांदीकडे झुकणारा. पण त्याबरोबर धातू ठिसूळ होतो. म्हणूनच अशा नाण्यांच्या कडा ठसा मारताना तडकलेल्या दिसतात, कधी कधी तडा थेट हत्तीच्या पायापर्यंत गेलेला असतो. शिसं घातलं की रस पातळ होतो आणि साच्यात नीट पसरतो. शिवाय शिसं तांब्यात विरघळत नाही. नाणं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर तांबं-कथलाच्या जाळीत शिशाचे थेंब वेगळे दिसतात. कारागिराला यातलं शास्त्र ठाऊक नसेल, पण किती घातल्यावर काय होतं ते हाताने नक्की कळत होतं.

निव्वळ शिशाची सोय तर आणखी मोठी. शिसं ३२७ अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात. भाता, खास मूस, भरपूर कोळसा, यातलं फारसं काही न लागता शिशाचं नाणं पाडता येतं.

दुसरी गोष्ट सराफकट्टा यांनी सांगितलेल्या रोमन चकाकीबद्दल. त्यावर वेगळा मुलामा द्यावा लागत नसे, निदान सुरुवातीच्या काळात तरी नाही. चांदी-तांब्याची चकती तापवली की पृष्ठभागावरच्या तांब्याचा ऑक्साइड होतो. मग ती आंबट द्रावणात टाकली की तो ऑक्साइड निघून जातो आणि वर चांदीचा पातळ थर उरतो. ठसा मारला की तो दाबून बसतो. यामुळे आजच्या अभ्यासातही फसगत होते. क्ष-किरणांच्या यंत्राने नाणं तपासलं तर ते फक्त वरचा काही मायक्रॉनचा थर वाचतं आणि चांदी खूप जास्त दाखवतं. जुन्या अहवालातला टक्का वाचताना तो पृष्ठभागाचा आहे की गाभ्याचा, हे आधी बघावं.

नवखा संग्राहक

सर्वांना नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय. आजोळी पैठणजवळच्या शेतात मामांना नांगरताना काही शिशाची नाणी मिळाली. मी ती सागवानी पेटीत कापसावर ठेवली होती. आता त्यावर पांढरी पूड धरलीय. चिंच लावून घासू का? आणि किंमत काय येईल?

धातुशाळा

घासू नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर यातलं काहीही लावू नका.

ती पूड शिशाचा कार्बोनेट आहे. लाकूड, प्लायवूड आणि साधा पुठ्ठा यातून अॅसेटिक आम्लाची वाफ निघत राहते, आणि शिशाला तीच सगळ्यात घातक. बंद पेटीत ही वाफ साठते आणि वर्ष-दोन वर्षांत नाणं आतून पोखरलं जातं. अनेक संग्रहालयांनी लाकडी कपाटांतली शिशाची नाणी अशी गमावलीत. ती पूड विषारी आहे, हातमोजे घाला, फुंकर मारू नका, मुलांपासून लांब ठेवा. नाणी पॉलिथिलीनच्या स्वच्छ पिशव्यांमध्ये घालून स्टीलच्या डब्यात ठेवा. बाकीचं काम जाणकारांनाच करू द्या.

गोदाकाठ

नवखा संग्राहक, किमतीच्या आधी एक महत्त्वाचं. जमिनीत सापडलेल्या वस्तूंना १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. मामांना तहसील कार्यालयात लेखी कळवायला सांगा, पोचपावती घ्या. सगळी नाणी एकत्र कुठल्या गटात, किती खोलीवर, कशात मिळाली, हे आजच लिहून ठेवा. मडक्याचे तुकडे असतील तर तेही जपा. साठा फुटून एकेक नाणं विकलं गेलं की त्यातून काही कळायचा मार्गच बंद होतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथले लोक मार्गदर्शन करतील.

मांडवीतीर

गोव्याकडून थोडी भर.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यावर सोन्या-चांदी-तांब्याची नाणी काढली, पण बाजारात भाजी-मासळी घेताना चालायचा तो बझारुक. हे सगळ्यात खालचं नाणं. तांब्याचंही असे आणि कथील, शिसं, तुतेनाग यांचंही. तुतेनाग हा चीनकडून जहाजांनी येणारा जस्ताचा पांढरा धातू. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच माणूस लिन्सखोटेन बझारुकाबद्दल लिहितो की हे हलक्या प्रतीच्या कथलाचं ओतीव नाणं आहे. पुढच्या काळातल्या काही बझारुकांवर संत कॅथरीनचं चाक दिसतं, कारण पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा जिंकला तो तिचा सणाचा दिवस, २५ नोव्हेंबर.

मुंबईतही हेच झालं. १६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या कारकिर्दीत ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत टांकसाळ काढली. सोन्याचं कॅरोलिना, चांदीचं अँग्लिना, तांब्याचं कॉपरून आणि कथलाचं टिनी अशी चार नावं ठेवली. अठराव्या शतकात मुंबईचे कथील आणि तुतेनागचे पैसे बरीच वर्षं पाडले गेले, त्यावर मोठा राजमुकुट आणि खाली BOMB अशी अक्षरं.

इथे गोदाकाठ यांचा मुद्दा मला पटतो. किनाऱ्यावर तांबं महाग होतं, जपान-युरोपकडून यायचं आणि तोफांनाही लागायचं. चीनच्या गलबतातून तुतेनाग यायचं. जो धातू धक्क्यावर उतरला त्याचं नाणं झालं.

सराफकट्टा

मांडवीतीर, एक शंका. जस्त तर आपल्याकडेही होतं ना? मेवाडात?

धातुशाळा

हो. उदयपूरजवळच्या झावरला निदान बाराव्या शतकापासून मोठ्या प्रमाणावर जस्त निघत होतं, युरोपच्या कितीतरी आधी. जस्ताची अडचण अशी की खनिजातून सुटतं तेव्हा ते वाफेच्या रूपात असतं, कारण ९०७ अंशांना ते उकळतं, आणि हवा लागली की वाफ जळून पुन्हा ऑक्साइड होते. झावरच्या लोकांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या टांगून, वाफ खाली नळीतून उतरवून थंड करायची युक्ती काढली. त्या वापरलेल्या मुशी रचून बांधलेल्या भिंती झावरला अजून उभ्या आहेत. शिशाच्या खाणी तर राजस्थानात त्याहून कितीतरी जुन्या, त्यामुळे पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी जे लिहितो की हिंदुस्थानात तांबं आणि शिसं नाही, तिथले लोक रत्नं आणि मोती देऊन ते विकत घेतात, त्यातलं 'नाही' खरं नाही. विकत घेतात हे मात्र खरं असावं, पेरिप्लसही तेच सांगतो.

बाल्खची वाट

इथे सगळ्यात अनवट धातू अजून आलाच नाही.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात बॅक्ट्रियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातल्या बाल्खच्या परिसरातल्या, तीन ग्रीक राजांनी, दुसरा युथिडेमस, पँटालिऑन आणि अगाथोक्लीस यांनी, तांबं-निकेलची नाणी पाडली. युथिडेमसच्या नाण्यावर अपोलो आणि तिवई, इतर दोघांच्या नाण्यांवर डायोनिसस आणि बिबट्या. हाच अगाथोक्लीस ब्राह्मी लिपीतली नाणीही पाडतो. १८६८ मध्ये लंडनला वॉल्टर फ्लाइट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने युथिडेमसच्या नाण्याचं पृथक्करण केलं तेव्हा ७७ टक्क्यांहून जास्त तांबं आणि २० टक्के निकेल निघालं. आजच्या घडीला जगभर वापरतात त्या धातूच्या अगदी जवळचं प्रमाण.

निकेल हे मूलद्रव्य म्हणून ओळखलं गेलं १७५१ मध्ये, स्वीडनच्या क्रोनस्टेटकडून. आधुनिक काळात तांबं-निकेलची नाणी बेल्जियमने १८६० च्या सुमारास काढली. मग बाल्खच्या टांकसाळीत हा धातू आला कुठून? एकोणिसाव्या शतकातले पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांना वाटलं की चीनमधून, कारण युन्नानमध्ये पांढरं तांबं तयार होत असे. ही कल्पना बरीच वर्षं चालली, चीन-बॅक्ट्रिया व्यापाराचे मोठमोठे सिद्धांत तिच्यावर उभे राहिले. नंतरच्या अभ्यासकांनी ती खोडली. निकेल असलेली तांब्याची खनिजं इराणात अनारकच्या परिसरात आहेत, तेवढ्या लांब जायची गरजच नव्हती. मला हे दुसरं मत जास्त सयुक्तिक वाटतं. एखाद्या खाणीतून 'तांबं' म्हणून आलेला माल पांढरा निघाला, कारागिरांना तो आवडला आणि खाण संपली तसं नाणंही बंद पडलं. तीनच राजे, थोडकाच काळ, मग एकदम काही नाही, हे त्याच्याशी जुळतं.

देवगिरीकर

सराफकट्टा आणि गोदाकाठ यांच्या वादात दौलताबादला विसरू नका.

मुहम्मद तुघलकाने हिजरी ७३० ते ७३२, म्हणजे १३२९ ते १३३२ या काळात पितळेची आणि तांब्याची नाणी काढली आणि चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवायचा हुकूम दिला. त्यातली कित्येक आमच्या दौलताबादच्या टांकसाळीत पाडलेली. त्यावर मजकूर आहे: जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो. बाकी कुठल्या नाण्यावर असला उपदेश सहसा आढळत नाही. इथे धातूवरची भिस्त काढून आज्ञेवर ठेवायची होती, म्हणून तो लिहावा लागला.

ते का फसलं? त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो की घरोघरी टांकसाळी झाल्या. पितळ कुणालाही मिळत होतं आणि ठसा साधा होता. लोक खोटी नाणी पाडून सारा भरू लागले. शेवटी सुलतानाने ती परत घेऊन खजिन्यातून सोनं-चांदी दिली आणि तुघलकाबादला पितळेच्या नाण्यांचे ढीग पडले.

शाळेत हा प्रसंग वेडेपणाचा नमुना म्हणून शिकवला जातो. मला तसं वाटत नाही. चीनमध्ये त्याआधीच कागदी चलन चालू होतं, कल्पनेत वेडं काही नव्हतं. त्याच दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरूने १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' लिहिली, त्यात कितीतरी राज्यांच्या नाण्यांत सोनं-चांदी किती याचं मोजमाप आहे. एवढी पारख असलेल्या टांकसाळीच्या पितळी नाण्यावर नक्कल ओळखू येईल अशी एकही खूण असू नये, हीच खरी उणीव.

सराफकट्टा

देवगिरीकर, तुमच्या शेवटच्या वाक्याने मला आमच्या दुकानातला रोजचा विषय आठवला. चार धातूंचा रुपया.

१९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर लोक घाबरून नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि घरात दडवू लागले. तोवर रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. सरकारने १९४० मध्ये ती निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच, एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. राजाचा चेहरा तोच. पण कडेवर बदल केला. दातेरी कडेच्या मधोमध एक खोबण आणि त्यात नक्षी, साच्यात ओतून नक्कल करणाऱ्याला ती साधणं जवळजवळ अशक्य. जुने पूर्ण चांदीचे रुपये १९४१ ते १९४३ दरम्यान टप्प्याटप्प्याने चलनातून बाद केले. १ रुपयाची नोटही परत आणली.

दुकानात आजही कुणी आजीच्या पेटीतले रुपये आणतं. मी रुपया उभा धरून आधी कड बघतो. साधे दाते असले तर जुनी चांदी. मधे खोबण असली तर चार धातूंचा. मग चेहरा आणि साल. बरेचदा लोकांना धक्का बसतो, कारण आजीने दोन्ही एकाच पुरचुंडीत जपलेले असतात. जुन्यात जवळपास १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, नव्यात ५.८३.

आणि हेही सांगितलं पाहिजे: तो निम्म्या चांदीचा रुपया चालला. युद्ध संपेपर्यंत चालला, बट्टा न लागता. आमच्या आजोबांच्या वह्यांमध्ये दोन्ही रुपये एकाच भावाने जमा आहेत. सारा, रेल्वेचं तिकीट, टपाल, सगळीकडे तो सरकार घेत होतं. त्यामुळे गोदाकाठ यांच्या 'लपवलेला की उघड' या भेदाशी मी बराचसा सहमत आहे. मात्र त्यात एक जोड हवी: उघड असलं तरी नक्कल करता येऊ नये. तुघलकाचं नाणं उघड होतं, तरी बुडालं.

धातुशाळा

सराफकट्टा, फार छान. कड झिजून खोबण दिसेनाशी झाली असेल तर घरी करता येण्यासारखी परीक्षा सांगते, नाण्याला ओरखडा न काढता.

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर हलवून काढा. काटा जे दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ११.६६ ग्रॅमचा जुना रुपया साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल, चार धातूंचा साधारण १.२२. फरक लहान आहे पण काट्याला कळतो. रुपया झिजून वजन घटलं असेल तर कोरडं वजन भागिले हा आकडा करा, जुन्याचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं, नव्याचं ९.५ च्या.

ही रीत दोनच मुख्य धातू असलेल्या नाण्यांना चांगली. पोटीनला चालत नाही. शिसं जड, कथील हलकं, दोघांची वजनं एकमेकांना झाकतात आणि आकडा काहीच सांगत नाही.

१९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया ओळखायला तर नुसतं लोहचुंबक पुरे. तो शुद्ध निकेलचा आहे, चटकन चिकटतो. नंतरच्या तांबं-निकेलच्या नाण्यांत निकेल २५ टक्के असूनही ती चिकटत नाहीत.

बाल्खची वाट

१९४७ मध्ये चांदी एकदम सोडून निकेलवर का गेले, त्याचंही कारण लिहितो. युद्धात अमेरिकेने उसनवारीच्या करारात हिंदुस्थानला वीस कोटी औंसांहून जास्त चांदी दिली होती आणि ती चांदीच्याच रूपात परत करायची होती. म्हणून चार धातूंचे रुपये चलनातून गोळा केले. पण त्यातून चांदी वेगळी काढणं सोपं नाही, तांबं, निकेल, जस्त तिघांनाही बाजूला सारावं लागतं. त्यासाठी कोलकात्याला अलीपूरच्या टांकसाळीत चांदी शुद्ध करण्याचा कारखाना उभारला आणि १९५० च्या दशकात ती चांदी अमेरिकेला परत गेली. आजीच्या पेटीत जे उरले ते या भट्टीतून सुटलेले.

वऱ्हाडी वाट

सगळ्यात जुन्या नाण्यांबद्दलही हाच प्रश्न लागू होतो. लिडियातली, आजच्या तुर्कस्तानातली, इलेक्ट्रमची नाणी सोनं-चांदीच्या मिश्रणाची. नदीतल्या नैसर्गिक मिश्रणात सोनं ७० टक्के आणि त्याहून जास्त असे, पण अलियाटिस राजाच्या सिंहमुखी नाण्यांत ते ५५ टक्क्यांच्या आसपास निघतं. म्हणजे चांदी मुद्दाम घातलेली. नुसतं बघून सोनं किती ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याचा मुलगा क्रीसस याने ते मिश्रण सोडून सोन्याचं वेगळं आणि चांदीचं वेगळं नाणं काढलं. सार्डिसच्या उत्खननात १९६८ मध्ये त्याच काळातली सोनं शुद्ध करण्याची जागा सापडली. मीठ घालून बंद मडक्यात सोनं तापवत ठेवायचे, मीठ चांदी खेचून घेई.

नवखा संग्राहक

सगळ्यांचे मनापासून आभार. मामांनी आज तहसीलला अर्ज दिला, पोचपावती मिळाली. नाणी पेटीतून काढून स्टीलच्या डब्यात ठेवली. नाणी ज्या मडक्याच्या तळाला होती त्याचे तीन तुकडेही मामींनी तुळशीजवळ ठेवले होते, तेही सोबत बांधलेत.

एक शेवटचा प्रश्न. आमच्या देवघरात लक्ष्मीपूजनाला कमळाचं २० पैशांचं पिवळं नाणं ठेवतात. त्यात सोनं आहे असं गावात सगळे म्हणतात. खरं आहे का?

धातुशाळा

सोनं नाही. १९६८ ते १९७१ या काळातलं ते नाणं अॅल्युमिनियम-ब्राँझचं आहे: ९२ टक्के तांबं, ६ टक्के अॅल्युमिनियम, २ टक्के निकेल. अॅल्युमिनियममुळे पृष्ठभागावर अतिशय पातळ कवच धरतं आणि खालचं तांबं काळं पडत नाही, म्हणून पिवळेपणा टिकतो. अनेकांनी सोन्याच्या आशेने ती आटवली, दागिन्यांतही घातली. तुमचं आहे तसंच देवघरात असू द्या, पितांबरी लावू नका. हळद-कुंकू लागलं तर साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा.